उंचवटा

मोजणीवाला चार पायऱ्या खाली उतरला,
टेप उलगडली, फॉर्मवर टाकलं: सखल जागा.
मी म्हटलं, लिहा.
लिहून झालं की ऐका.

पाणबांधात ही सगळ्यांत उंच जागा होती.

खाडीपलीकडून तेरा घरं आली,
होडीत कुदळी, कोंबड्या, एक लाकडी क्रूस
आणि मडक्यात रात्याचं बियाणं, तोंडाला शेण लिंपून.
इथं तेव्हा चिखल, तिवरं,
आणि भरती म्हणेल तिथपर्यंत समुद्र.
दोन हंगाम त्यांनी नुसता बांध घातला.
बायका माती चाखत पुढे जायच्या,
जिभेवर चिमूट ठेवायच्या, थुंकायच्या,
खारट. खारट. चला पुढं.
गोड लागली ती फक्त इथं,
या अर्ध्या बिघ्याच्या उंचवट्यावर.
इथं राब भाजायचा, रोपं काढायची, असं ठरलं.

तिसऱ्या वर्षी मिंगेल गेला.

दगडावर कोरलंय: बांध फुटला तेव्हा
भगदाडात आडवा पडून त्यानं समुद्र थोपवला.
दगड ऐंशी वर्षांनी बसवलेला, वर्गणी काढून.
कोंसूमावशी सांगायची, कसला समुद्र,
हगवण लागली होती त्याला.
तीन दिवस. शेवटी पेज मागितली, तांदूळ नव्हता.
मला दोन्ही खरं वाटतं,
आलटून पालटून.

पण मुद्दा तो नाही.
बांधाच्या आत कुठंही खणा,
खड्ड्यात माणसाआधी भरतीचं पाणी येऊन झोपायचं.
तेव्हा त्याच्या बायकोनं
(नाव नाही, वहीत ती नुसती ‘मिंगेलाची’)
बोट करून रोपांची जागा दाखवली.
कुणी काही बोललं नाही.
त्या वर्षी राब खाऱ्या मातीत झाला,
निम्मी रोपं जळाली,
आणि तेरा घरांनी वर्ष निम्म्या पोटी काढलं.

मग जागा भरत गेली.
प्लेगच्या साली एका आठवड्यात नऊ.
पुरुष छावणीत अडकलेले, बायकांनीच खणलं,
पेट्या कुठल्या, चटईत गुंडाळून.
वहीचं ते पान वाळवीनं खाल्लंय,
नवांतली सहा मला पाठ आहेत:
पास्कू, इसबेल, थोरला कायतान, धाकटा कायतान,
नाताल, जाकीनची सून.
पुढं पुढं बापाच्या खड्ड्यात मुलगा.
हाडं उचलून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची,
ठेवताना म्हणायचं, सरक थोडा, बाबा.

मुंबई आली ती ट्रकांतून.
राख, डेब्रिज, कुणाच्या तरी पाडलेल्या घरांच्या विटा.
खाचरं बुजली. बांध कुठल्या बिल्डिंगखाली गेला
ते आता कुणी सांगू शकत नाही.
ज्यानं त्यानं आपापली जमीन वर उचलून घेतली,
रस्ता दर डांबरासरशी वीतभर वाढला.
आम्ही आमच्या माणसांवर भराव कसा टाकणार?
भिंत बाहेरून गुडघ्याएवढी,
आतून माझ्या डोक्यावरून जाते.

तो ऐकत होता की फोन बघत होता, ठाऊक नाही.
जुनेपणाचा पुरावा काय, म्हणाला, कागद वगैरे?
मग मिंगेलाच्या पायथ्याशी थांबला.
हे कसलं गवत माजलंय, काढत नाही तुम्ही?

भात आहे, म्हटलं. राता.
दर जूनला मूठभर टाकते.
रोपं येतात. दाट येतात.
लावायला शेत नाही.

त्यानं वाकून एक पातं बोटांत धरलं, सोडलं,
एक रकाना रिकामा ठेवला
आणि चार पायऱ्या चढून रस्त्यावर गेला.
तिथं उभा राहून बूट झटकू लागला.
गोड आहे ती माती, मी खालून ओरडले.
हॉर्न वाजत होते.